पांडेलिसची कबर उघडायची तारीख

२ मे

डोंगर चढायचे बूट घालून आली होती आजची चौघं! आई, बाप आणि दोन वयात आलेल्या मुली, ओहायोहून. मायसीनीच्या टेकडीवर शाळेच्या सहली चपला घालून जातात. हे मात्र काठ्यासुद्धा घेऊन आले होते. गाडीत बसताबसता बापाने विचारलं, "ते सिंहांचं दार किती वेळात उरकेल?"

उरकेल! तीन हजार वर्षं उभं आहे ते. तुझ्यासाठी वीस मिनिटांत उरकतं की.

अठरा मिनिटांत उरकलं. मी फाटकाबाहेर गाडीला टेकून घड्याळ बघत होतो. एपिडॉरसला तर कहर केला. त्या नाट्यगृहाच्या मधोमध उभं राहून त्याने आपल्या शाळेचं गाणं म्हटलं आणि बाहेर येऊन मला मोबाइलवर दाखवलं! वर बसलेले पन्नास मूर्ख टाळ्या वाजवतायत. मी म्हटलं, "छान." बत्तीस वर्षं हाच शब्द विकून पोट भरतोय.

संध्याकाळी पोलिक्सेनीचा फोन. माझ्या मेलेल्या भावाची बायको. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"भावजी, कागद आलाय. चौदा तारखेला सकाळी नऊला उघडणार आहेत."

पांडेलिसची कबर. तीन वर्षं झाली की जागा रिकामी करून द्यायची. हाडं काढायची, वाइनने धुवायची, पेटीत भरायची. आमच्या पिरेयस शहरात मेलेल्यालासुद्धा भाड्यानेच राहावं लागतं.

"मग उघडू दे," मी म्हटलं.

"तुम्ही यायला हवं. का ते तुम्हाला माहीत आहे."

माहीत आहे. फोन ठेवून दिला.

३ मे

जाणार नाही. विषय संपला.

५ मे

डेल्फी. एक नवं लग्न झालेलं जोडपं. पोरीने वाटेत एकोणतीस वेळा "थांबा, फोटो" म्हटलं. मी मोजलं. मेंढ्यांचासुद्धा फोटो काढला. देवळापाशी पोचेपर्यंत बॅटरी संपली, मग म्हणे आता आत जाऊन काय करायचं! नवरा बिचारा एकटा जाऊन आला. हे लग्न टिकणार नाही.

गाडीत बोलायला मला बंदी नाही. नियम असा, की चालकाने फाटकापर्यंत काय हवं ते सांगावं, फाटकाच्या आत तोंड उघडायचं तर गळ्यात सरकारी बिल्ला हवा. मग आत पोरंटोरं छत्री उंच धरून पाठ केलेलं म्हणून दाखवतात आणि ज्याला खरं सांगता येतं तो बाहेर धूळ खातो.

पूर्वी मी जायचो आत. लपून. माझ्यासारखं कोणी सांगत नव्हतं. ते मधमाश्यांच्या पोळ्यासारखं गोल थडगं आहे ना मायसीनीचं, त्यात मधोमध नेऊन मी माणसांना डोळे मिटायला लावायचो. मग हळू आवाजात सुरुवात. बाया रडायच्या. खरंच रडायच्या!

चार वर्षांमागे एप्रिलमध्ये तिथेच धरलं. साध्या कपड्यातले दोघं. कोणीतरी दिवस, वेळ, गाडीचा नंबर सगळं कळवलं होतं. बाहेर आणून बेड्या घातल्या, माझ्याच माणसांसमोर. ती कॅनडाची होती. त्यांनी त्याचाही फोटो काढला. अख्खा उन्हाळा परवाना गेला. उरानियाला, माझ्या लेकीला, नुकताच बिल्ला मिळाला होता. तीन वर्षं शिकून, पहिल्या नंबराने. घरात बिल्ला आला आणि महिन्याभरात बापाच्या हातात बेड्या.

कोणी कळवलं ते सांगायला ज्योतिषी नको. आदल्याच संध्याकाळी पांडेलिस माझ्या टेबलाशी बसून म्हणाला होता, "उद्या आत जाऊ नकोस, अर्गिरी. एक दिवस धरतील." त्याचीही गाडी, त्याचाही तोच धंदा. आणि लोक त्याला सोडून मला बोलवायचे. अजून काय पुरावा हवा?

मी त्याच्या अंगणात गेलो. सगळी आळी खिडकीत. विचारलं, तू सांगितलंस? नाही म्हणाला नाही. हो म्हणाला नाही. म्हणतो, "पाणी पी, अर्गिरी." पाणी! मग मी बोललो. आमच्यात ज्याहून वाईट काही बोलत नाहीत, ते बोललो. "माती तुला खायची नाही, पांडेली! जसाच्या तसा राहशील!"

वर्षभरात आजारी पडून गेला. दफनाच्या दिवशी मी दोन स्वीडिश बायांना सुनियोचं देऊळ दाखवत होतो.

६ मे

पोलिक्सेनी स्वतः आली. हातात चीजची पोळी, अंगावर काळे कपडे, चेहरा असा की मीच तिच्या नवऱ्याला पुरला. बसली. घरभर नजर फिरवली. पडदे मळलेत हे तिला लगेच दिसलं असणार.

"नीट निघाला नाही तर?" म्हणाली.

"न निघायला काय झालं? सगळेच कुजतात."

"सगळेच नाही. ज्याच्यावर कोणाचा शाप असतो तो..."

"वहिनी, तुम्ही शाळेत शिकवत होतात! गणित!"

"गणित वेगळं," ती म्हणाली. "तुम्ही आळीसमोर बोललात. आता कबरीसमोर येऊन एकदा म्हणा, माफ केलं म्हणून. तीन शब्दसुद्धा नाहीत."

"त्याने माझी माफी मागितली?"

ती काही बोलली नाही. नवऱ्यासारखीच. त्या घरात सगळ्यांनी तोंडात पाणी धरलंय. जाताना दाराशी थांबून म्हणते, "पोळी आज खा, उद्या कडक होईल."

खाल्ली नाही. उरानियाने खाल्ली. अर्धीच खाऊन ठेवून दिली.

८ मे

चौदा तारखेसाठी गाडी लावून टाकली. डेकर नावाची डच बाई, एकटी, वय चौऱ्याहत्तर. कोरिंथ, मायसीनी, नाफ्प्लियो. सकाळी आठला निघायचं. आता कोणी बोलवायचा प्रश्नच नाही, धंदा आहे.

उरानियाला सांगितलं. ती भांडी विसळत होती, पाठमोरी.

"बाबा, मुद्दाम लावलीस ना?"

"गिऱ्हाईक आलं, घेतलं."

"काका आता हाडं झालाय. हाडांशी कसलं भांडण?"

"हाडांनीच कळवलं होतं पोलिसांना."

तिने नळ बंद केला. म्हणाली, "तू नाही गेलास तर मी जाईन." जा म्हटलं. तिचा काकावर जीव होता, आणि मन तिचं लोण्याचं, आईसारखं. या घरात अक्कल असलेलं माणूस तेवढंच एक आहे, म्हणून बोललो नाही. ती माझ्या गाडीत गिऱ्हाइकांबरोबर कधी बसत नाही. बापाच्या ओळखीवर मोठी झाली असं कोणी म्हणू नये म्हणून! असला ताठा मला आवडतो.

९ मे

पाच माणसं, सहा बॅगा, एक कुत्रं. कुत्र्याला कोरिंथचं अपोलोचं देऊळ आवडलं. बाकीच्यांचं सांगता येत नाही.

११ मे

आळीतल्या पाद्र्याने, पापा-गेरासिमोसने, रस्त्यात गाठलं. पोलिक्सेनीनेच पाठवलेला, आणखी कोणी? दाढीत पावाचे कण. स्वतःची गाडी नो-पार्किंगमध्ये लावून मला पापाचं सांगतो!

"अर्गिरी, मनात नसलं तरी तोंडाने म्हण. देव तोंडाचंही ऐकतो."

"म्हणजे खोटं बोलू? पाद्री असून सांगता?"

"तू बत्तीस वर्षं परदेशी लोकांना जे सांगतोस ते सगळं खरं असतं का?"

भोवतीचे हसले. फळवाला तर टरबूज हातात धरून हसला. मीही हसलो, नाहीतर करणार काय. पण पुढे तो हळूच म्हणाला ते डोक्यातून जात नाही. "माती न खाल्लेला माणूस मी पाहिलाय. नऊ वेळा. पोरं आईला ओळखून किंचाळली होती. ते पोलिक्सेनीला एकटीला बघायला लावू नकोस."

धमकी देतात हे लोक. प्रेमळ आवाजात.

१३ मे

गाडी धुतली. आतून, बाहेरून. डेकरबाईसाठी पाण्याच्या बाटल्या बर्फात ठेवल्या. उरानियाने खुर्चीवर काळा स्कर्ट काढून ठेवलाय. आज दिवसभर बोलली नाही. जेवलीही नाही. हाडं बघायची म्हणून घाबरली असेल.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. तो नीट निघू नये असं मला वाटतं. थोडंसं. म्हणजे कळेल सगळ्या आळीला, की अर्गिरिस खरं बोलला होता, आणि तो गप्प बसणारा, सज्जन, सगळ्यांचा लाडका पांडेलिस गुन्हेगार होता. मातीनेच साक्ष दिली की मग कोणाची टाप आहे बोलायची! आणि लगेच वाटतं, काय हलकट माणूस आहेस तू. दोन्ही एकदमच वाटतं. झोपतो आता. सकाळी आठ.

१४ मे

डेकरबाई वेळेवर. बूट साधे. टोपी मात्र चाळणीएवढी. गाडी सुरू व्हायच्या आत म्हणाली, "मला माहिती नको. मी सगळं वाचून आलेय. तुम्ही फक्त चालवा." बत्तीस वर्षांत असं पहिल्यांदा कोणी बोललं! रागही आला आणि बरंही वाटलं.

मी पंधरा मिनिटं गप्प राहिलो. मग तिलाच राहवेना. "डावीकडे ती काय छोटी देवळं? पत्र्याची?" रस्त्याकडेची अपघाताची. कोणी मेलं किंवा मरतामरता वाचलं की घरचे तिथे दिवा ठेवतात. सांगितलं. ती म्हणाली, "इतकी?" मी म्हटलं, "आम्ही फार वाईट चालवतो." हसली. मग खिडकीतून मोजत बसली, अकरापर्यंत.

कालव्याच्या पुलापाशी कॉफीला थांबलो. पावणेदहा. फोन वाजला. उरानिया.

"बाबा." एवढंच. मागे पोलिक्सेनीचा आवाज. रडत नव्हती, तो वेगळाच आवाज होता.

"निघाला नाही?" मी विचारलं.

"नाही. तसाच आहे, बाबा. तसाच आहे! खणणारे म्हणतात परत बुजवतो, दुसऱ्या जागेत, दोन वर्षांसाठी. काकू बुजवू देत नाही. तू येईपर्यंत नाही म्हणते. पापा-गेरासिमोस थांबलेत. तू ये. ये ना रे बाबा."

मला वाटलं होतं जिंकल्यासारखं वाटेल.  गाडीच्या बॉनेटवर बसून राहिलो. ती बाई कॉफीचे दोन पेले घेऊन येत होती. काय झालं विचारलं. मी म्हटलं, घरी मयत.

"मग इथे काय करताय? फिरवा गाडी!"

"तुमची मायसीनी..."

"ती कुठे जाणार आहे?"

फिरवली. वाटेत तिने विचारलं, कधी गेला भाऊ? मी म्हटलं, तीन वर्षं झाली. आरशात तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं! बाईने पट्टा घट्ट केला. पण उतरवा म्हणाली नाही. पिरेयसला पोचल्यावर म्हणाली, "मी गाडीत बसते. पुस्तक आहे." आणि खरंच बसली, फाटकाबाहेर, माझ्या नेहमीच्या जागी.

आत गेलो. भिंतीकडची रांग. चारपाच माणसं, बाजूला मातीचा ढीग, वाइनची बाटली बंदच. उरानिया दूर उभी होती, तोंडावर रुमाल. मी खड्ड्यात बघितलं.

सूट ओळखला. माझ्या लग्नात त्याने घातला होता तोच. चेहऱ्याचं लिहीत नाही. हात मात्र पांडेलिसचे होते. स्टिअरिंग धरून धरून वाकडी झालेली करंगळी तशीच. खणणारा टोपी काढून म्हणाला, "औषधं हो, मालक. आजारात एवढी औषधं पोटात गेलेली असतात, आणि ही चिकट माती. दहातले पाच असेच निघतात. मनाला लावून घेऊ नका." भला माणूस. पण मघापासून तो हे सांगत असणार आणि कोणी ऐकत नसणार.

पोलिक्सेनी माझ्याकडे बघत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, "भावजी, म्हणा."

तोंड उघडलं, आवाज येईना. बत्तीस वर्षं बडबड करणारा मी! पापा-गेरासिमोसने पाठीवर हात ठेवला. शेवटी म्हटलं. "माफ केलं, पांडेली. देवही करो." एकदा नाही, तीनदा. मग त्यांनी चादर घातली, उचलला, दुसऱ्या जागेत ठेवला. मी मूठभर माती टाकली. तीन वर्षं उशिरा टाकली.

बाईला हॉटेलवर सोडलं. पैसे घेतले नाहीत, ती देत होती. उतरताना म्हणाली, "तुम्ही चांगला माणूस आहात." मी म्हटलं, छान.

पण खोटं का बोलू? घरी येताना छाती हलकी झाली होती. त्याने भावाला पकडून दिलं आणि भावाने त्याला माफ केलं. कोणी केलं असतं? कितीजण करतील? मन मोठं लागतं त्याला. उरानियाला तसं म्हणालोही. ती आपल्या खोलीत गेली.

१५ मे

सकाळी उरानियाने सांगितलं. फोन तिने केला होता. पांडेलिसने नाही, तिने!

बाकीचे बिल्लेवाले तिला टोचत होते, तुझा बाप आमच्या पोटावर पाय देतो, आधी त्याला आवर म्हणून. तिला वाटलं, पोलीस दम देतील, बाहेर काढतील, संपलं. बेड्यांचं स्वप्नातसुद्धा नव्हतं. फोन केला त्याच संध्याकाळी रडत काकाकडे गेली होती, म्हणून तर तो मला उद्या जाऊ नकोस म्हणाला. तिला म्हणाला, "तू बोलू नकोस. भाऊ भावाला सोडतो, पुन्हा धरतो. लेकीचं तसं नसतं." आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच्या अंगणात उभा राहिलो तेव्हा तो मला पाणी प्यायला सांगत होता.

पोलिक्सेनीला माहीत आहे. पहिल्यापासून.

उरानिया स्वयंपाकघरात बसलीये. तासभर झाला. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबलीये. मी इथे दार लावून बसलोय आणि तोंड उघडत नाही. माझ्या तोंडाची मला भीती वाटते.